मागे सरायला जागा किती?

सेकंडहँड डीएसएलआर घ्यायचा ठरवला की बॉडीचे फारसे अडत नाही. निकॉनचा डी३१०० किंवा डी९०, नाहीतर कॅननची त्याच काळातली एखादी बॉडी, काही हजारांत मिळून जाते. कॅनन आणि निकॉन या दोन्ही कंपन्यांनी २०२० नंतर नवा डीएसएलआर काढलेला नाही, त्यामुळे आरसा नसलेल्या नव्या कॅमेऱ्यांकडे वळलेल्या लोकांची जुनी यंत्रे बाजारात भरपूर आहेत. बेळगावच्या कॅम्पात राहणाऱ्या एखाद्या कॉलेजच्या मुलालाही आज असा कॅमेरा परवडतो. अडते ते त्यापुढे. या बॉडीवर रोज कोणती लेन्स चढवून बाहेर पडायचे?

हा प्रश्न विचारायची मुभा या भागाला फार उशिरा मिळाली. कॅमेरा इथे दीडशेहून अधिक वर्षे फिरतो आहे, पण त्यातला बहुतेक काळ इथल्या माणसाने लेन्स निवडलीच नाही. ती कॅमेऱ्याबरोबर आली, आणि कॅमेरा ज्याच्या गरजेसाठी घडला होता त्याच्या मापाची आली. म्हणून आजच्या निवडीआधी हा मागचा हिशेब पाहिला पाहिजे. बेळगाव, कॅम्प आणि निपाणी या पट्ट्याचे कुठले रूप फोटोत उतरले आणि कुठले राहून गेले, याचे बरेचसे उत्तर त्यात सापडते.

आधी गावाची मांडणी. १८१८ साली इंग्रजांनी बेळगावचा किल्ला घेतला आणि पुढे इथे मोठी छावणी वसवली. पूर्वेला किल्ला, पश्चिमेला छावणी आणि मध्ये जुने गाव, अशी ही रचना. छावणीचे रस्ते सरळ आणि रुंद, बंगल्यांना ऐसपैस कंपाउंड, कवायतीला मैदाने, १८६९ साली पुरे झालेल्या सेंट मेरीज चर्चभोवती मोकळा परिसर. गावात मात्र रिसालदार गल्ली, मारुती गल्ली, गणपत गल्ली अशा एकमेकींना खेटून गेलेल्या वाटा, घराला घर लागलेले, ओटा उतरला की समोरच्याचा ओटा. फोटो काढणाऱ्याच्या दृष्टीने या दोन वस्त्यांत एकच मोठा फरक आहे. कॅम्पात मागे सरायला जागा आहे, गल्लीत ती नाही. लेन्सचा सगळा इतिहास या एका फरकाभोवती फिरतो.

या मुलखात कॅमेरा आला तो लष्करी हातातून. मुंबईत ऑक्टोबर १८५४ मध्ये बॉम्बे फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी आणि हरिश्चंद्र चिंतामण ही मराठी माणसे त्या पहिल्याच पिढीत फोटो काढत होती. पण मुंबईबाहेर, दक्षिणेकडे कॅमेरा निघाला तो सरकारी कामासाठी. बॉम्बे आर्टिलरीतले कॅप्टन थॉमस बिग्ज यांनी १८५५ मध्ये विजापूर, बदामी, ऐहोळे, पट्टदकल या स्थळांचे फोटो कॅलोटाइप पद्धतीने, म्हणजे कागदाच्या निगेटिव्हवर घेतले. त्यांच्यानंतर डॉ. विल्यम पिगू यांनी ते काम चालवले. या मंडळींचे फोटो १८६६ साली धारवाड-म्हैसूर भागातल्या वास्तूंवरच्या मोठ्या ग्रंथात आले.

त्यानंतर पुरातत्त्व खात्याचे जेम्स बर्जेस आले. जानेवारी ते मे १८७४ या पाच महिन्यांत त्यांनी बेळगाव आणि कलादगी जिल्ह्यांची पाहणी केली आणि त्याच वर्षी अहवाल छापला. पश्चिम भारताच्या पुरातत्त्व पाहणीचा तो पहिला हंगाम. या खात्याची सुरुवात मुंबई-पुण्याकडून न होता आमच्या सीमाभागातून झाली, याचा इथल्या किती लोकांना पत्ता असेल! याच मुलखातली बेळगावच्या किल्ल्यातली कमल बस्ती, रट्टांच्या काळातली जैन वास्तू, राजा कार्तवीर्य चौथा याच्या मंत्र्याने १२०४ साली बांधलेली. तिच्या मंडपाच्या छतातले कमळ आजही मान वर करून पाहावे लागते.

त्या काळच्या फोटोवाल्याची लेन्स कशी असे? प्लेट मोठी, म्हणून लेन्सही लांब. नियम असा की निगेटिव्हचा कर्ण जेवढा, साधारण तेवढ्याच फोकल लेंग्थची लेन्स त्या निगेटिव्हला ‘नॉर्मल’ ठरते, म्हणजे रुंदही नाही आणि ओढून जवळ आणणारीही नाही. दहा बाय बारा इंचांच्या काचेला हा कर्ण जवळजवळ चारशे मिलिमीटर भरतो. इमारतींसाठी वापरायची साधी लँडस्केप लेन्स छिद्र बारीक करून वापरावी लागे. त्यामुळे प्रकाश कमी येई आणि कागदी निगेटिव्हला कित्येक मिनिटे उघडे ठेवावे लागे. देऊळ हलत नाही, म्हणून देवळाचा फोटो निघे. देवळासमोर चालणारा माणूस मात्र प्लेटवर उमटायच्या आत पुढे निघून जाई. त्या जुन्या फोटोंतली देवळे ओसाड वाटतात त्याचे एक कारण हे आहे. आपल्या मुलखाची पहिली चित्रे अशी माणसांविना निघाली, आणि या गोष्टीची खंत वाटल्यावाचून राहत नाही.

माणूस पकडायला वेगळी लेन्स होती. व्हिएन्नात योझेफ पेट्झवाल यांनी १८४० मध्ये एफ/३.६ इतकी उजळ पोर्ट्रेट लेन्स आखली आणि जगभरच्या स्टुडिओंचा धंदा त्या जातीच्या लेन्सवर उभा राहिला. चेहरा लख्ख, कडेला धूसर. तिला लांब खोली लागे, वरून किंवा बाजूने येणारा उजेड लागे, आणि समोरच्याने अंग न हलवता उभे राहावे लागे. १८८० नंतर तयार सुक्या प्लेटा मिळू लागल्या, वेळ सेकंदांवर आणि त्याहूनही खाली आला, तरी स्टुडिओची शिस्त टिकून राहिली.

बेळगावात त्या शिस्तीतला एक फोटो साऱ्या देशाला माहीत आहे. ऑक्टोबर १८९२ मध्ये स्वामी विवेकानंद बेळगावात आले. आधी ते रिसालदार गल्लीत भाटे यांच्या घरी उतरले आणि मग वनखात्यातले अधिकारी हरिपद मित्र यांच्याकडे राहिले. मित्रांचे घर किल्ल्यात होते. आज ते रामकृष्ण मिशनने स्मारक म्हणून जतन केले आहे. याच मुक्कामात स्वामीजींचा फोटो निघाला, बेळगावच्या एस. महादेव अँड सन या स्टुडिओत. फेटा, लांब काठी, भटक्या संन्याशाचा वेष. शिकागोची परिषद तेव्हा अकरा महिने पुढे होती आणि त्यांना ओळखणारे देशात थोडेच होते. बेळगावसारख्या गावात १८९२ साली असा फोटो काढणारा स्टुडिओ चालत होता, ही गोष्ट या गावाने अभिमानाने सांगावी अशी आहे. पण स्वामीजी ज्या गल्लीत राहिले तिचे तेव्हाचे रूप पाहायचे म्हटले तर हा फोटो काही सांगत नाही. स्टुडिओच्या लेन्सचे ते कामच नव्हते. ती खोलीच्या मापाची होती.

निपाणीहून उत्तरेला थोडे गेले की कोल्हापूर. तिथे बाबूराव पेंटर आणि त्यांचे आतेबंधू आनंदराव यांनी सिनेमाचा कॅमेरा स्वतः घडवायचे मनावर घेतले. आनंदराव १९१६ मध्ये गेले. बाबूरावांनी विष्णुपंत दामल्यांच्या साथीने काम पुरे केले आणि त्या कॅमेऱ्यावर काढलेला ‘सैरंध्री’ १९२० मध्ये पडद्यावर आला. लेथ, फाइल आणि कमालीची चिकाटी एवढ्यावर कोल्हापुरात कॅमेरा उभा राहिला, याला तोड नाही. लेन्सची गोष्ट मात्र वेगळी होती. तिला लागणारी प्रकाशीय काच देशात तयार व्हायला कोलकात्याची सेंट्रल ग्लास अँड सिरॅमिक रिसर्च इन्स्टिट्यूट यावी लागली, म्हणजे विसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडला. त्यामुळे यंत्र घडवणाऱ्या हातांनाही लेन्सच्या बाबतीत जे बाहेरून येईल त्यावरच भागवावे लागे.

डिसेंबर १९२४ मध्ये बेळगावात टिळकवाडीच्या माळावर गांधीजींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे अधिवेशन भरले. गांधीजी अध्यक्ष झाले ते तेवढ्या एकाच अधिवेशनाला. त्यानंतर काही महिन्यांत, १९२५ च्या वसंतात, जर्मनीत लाइपझिगच्या प्रदर्शनात लायका नावाचा लहानसा कॅमेरा मांडला गेला. ऑस्कर बार्नाक या तंत्रज्ञाने सिनेमाच्या ३५ मिलिमीटर फिल्मवर २४ बाय ३६ मिलिमीटरची चौकट घेतली होती. तिचा कर्ण ४३ मिलिमीटर. बार्नाकच्या कॅमेऱ्यावर लेन्स आली ती मात्र ५० मिलिमीटरची, नियमापेक्षा किंचित लांब. पुढची साठ वर्षे जगातल्या बहुतेक ३५ मिलिमीटर कॅमेऱ्यांवर तीच राहिली. निकॉनचा एफ १९५९ मध्ये आला, पेंटॅक्सचा के१००० १९७६ मध्ये, आणि दोघांवरही बहुधा ५० मिलिमीटरचीच लेन्स असे. रशियन झेनिटवर ५८ मिलिमीटरची हेलिओस येई, म्हणजे आणखी अरुंद.

५० ची लेन्स वाईट नव्हती. उजळ, हलकी, स्वस्त आणि काचेच्या दर्जात चोख. फ्रेंच फोटोग्राफर आंरी कार्तिए-ब्रेसाँ यांनी हयातभर प्रामुख्याने तीच वापरली आणि १९४७-४८ मध्ये भारतात फिरताना, गांधीजींच्या शेवटच्या दिवसांतही, त्यांच्या गळ्यात लायका होता. पण ही लेन्स पॅरिसचा चौक, दिल्लीचा रस्ता, छावणीचे मैदान अशा ठिकाणी खुलते. तिला चार पावले मागे जाऊ द्यावे लागते.

सीमाभागात हे कॅमेरे पोचले कसे, हेही बघण्यासारखे आहे. स्वातंत्र्यानंतर आयातीवर कडक बंधने होती. पोर्तुगीजांच्या गोव्यात मात्र १९६१ पर्यंत परदेशी माल खुलेपणाने येई आणि घाटातून चोरवाटेने वरही चढे. रेल्वेने येणाऱ्याला कॅसलरॉकला जकातीच्या तपासणीतून जावे लागे. परदेशातून येणाऱ्या नातेवाइकाकडे आणि छावणीत बदलून येणाऱ्या अधिकाऱ्याकडेही चांगला कॅमेरा दिसे. यांपैकी कुठल्याच वाटेने येताना लेन्सच्या पसंतीला वाव नव्हता. जो कॅमेरा हाती आला त्याच्या तोंडावर जी लेन्स असेल ती आपली.

सामान्य घरात शिरला तो अ‍ॅग्फाचा क्लिक थ्री, भारतातच न्यू इंडिया इंडस्ट्रीजने बनवलेला. एका रोलवर बारा चौकोनी फोटो, फोकसची भानगड नाही, ऊन की ढग एवढेच ठरवायचे. लेन्स जवळपास नॉर्मल मापाची, न निघणारी. लग्नाच्या फोटोवाल्यांकडे यशिका मॅट १२४ जी असे. १९७० नंतर आलेला हा दोन डोळ्यांचा कॅमेरा, सहा बाय सहा सेंटिमीटरची चौकट आणि ८० मिलिमीटरची लेन्स. हीदेखील कर्णाच्या नियमाने अगदी नॉर्मलच. कॅमेरे वेगळे, फिल्म वेगळी, किमतीत जमीन-अस्मानाचा फरक, पण कॅम्पातल्या अधिकाऱ्याच्या निकॉनपासून निपाणीच्या स्टुडिओतल्या यशिकापर्यंत दिसण्याचा कोन जवळजवळ एकच राहिला. लग्नात फोटोवाला ‘जरा आत सरका, अजून आत’ म्हणून ओरडत असे ते यामुळेच.

आकड्यांत सांगायचे तर तीन मीटरवरून ५० ची लेन्स ३५ मिलिमीटर फिल्मवर साधारण सव्वादोन मीटर रुंदीचे दृश्य घेते. गल्लीत पाठ समोरच्या भिंतीला टेकवली तरी यापेक्षा जास्त हाती लागत नाही. वाड्याचा दरवाजा येतो, पण दोन्ही बाजूंचे ओटे, वरची कोरीव तुळई आणि कौलांची उतरण सुटते. खांद्याला खांदा लावून उभे असलेले दहाजणांचे कुटुंब पाच मीटर जागा घेते. त्यांना चौकटीत बसवायला सात मीटर मागे जावे लागते. कॅम्पातल्या बंगल्याच्या अंगणात ते सहज जमते. गल्लीत सात मीटर मागे म्हणजे समोरच्या घराच्या माजघरात.

जुने अल्बम चाळताना हे लक्षात घेऊन पाहावे. छावणीतले फोटो भरगच्च दिसतात, त्यांत बंगला आहे, झाडे आहेत, घोडा किंवा मोटार आहे, माणसांभोवती त्यांचे जग आहे. गावातल्या कुटुंबांचे फोटो मात्र गच्चीवर, देवळाच्या आवारात, नाहीतर स्टुडिओतल्या रंगवलेल्या पडद्यापुढे. आपल्या आजीचे स्वयंपाकघर, आजोबांचे दुकान, गल्लीतले पाणी भरण्याचे ठिकाण हे फोटोत फार थोड्या घरांकडे सापडते. अंधार आणि रोलचा खर्च ही त्याची कारणे आहेतच. पण अरुंद लेन्स हेही मोठे कारण होते, आणि त्याची नोंद सहसा घेतली जात नाही.

निपाणीचेही तसेच. गाव तंबाखूचे. वखारीत पोत्यांच्या थप्प्या, हवेत तंबाखूची धूळ, उजेड वरच्या झरोक्यातून येणारा. विड्या वळणाऱ्या बाया घरातल्या उंबऱ्याशी किंवा लहान खोलीत दाटीवाटीने बसलेल्या, मांडीवर सूप. हे दृश्य ५० च्या लेन्सने घ्यायचे तर एक बाई येते, तिचे हात येतात, शेजारच्या चौघी राहतात. मार्च-एप्रिल १९८१ मध्ये शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तंबाखू उत्पादकांनी निपाणीजवळ पुणे-बंगळूर महामार्गावर ठाण मांडले. ६ एप्रिलला गोळीबार होऊन त्या आंदोलनाचा शेवट झाला. हजारोंचा तो जमाव आणि त्यातला एक चेहरा या दोन्ही गोष्टी एकाच लेन्सने पकडता येण्याजोगी सोय त्या वेळी सर्वसाधारण फोटोवाल्याकडे नव्हती. जवळ गेले तर माणूस मिळे आणि जमाव हरवे, जमाव घ्यायला उंचीवर चढले तर माणूस ठिपक्याएवढा होई.

झूम लेन्स जगात तोवर आली होती. फॉइग्टलेंडरची झूमर १९५९ मध्ये निघाली, ३६ ते ८२ मिलिमीटरची. निकॉनची ४३-८६ १९६३ मधली. पण दोन्हींची सुरुवात पाहिली की लक्षात येते, ओढ सगळी लांबच्या टोकाकडे होती. दूरचे जवळ आणावे याची हौस लोकांना होती, जवळचे सगळे एका चौकटीत मावावे याचा विचार मागे पडला होता. १९९५ मध्ये आलेल्या निकॉनच्या एफएम१० बरोबर ३५-७० ची लेन्स मिळे. हा कॅमेरा फोटोग्राफी शिकणाऱ्या मुलांच्या हातात पुढची दहा वर्षे दिसला. ३५ म्हणजे ५० पेक्षा मोकळी, तरी गल्लीला अपुरीच.

दार खऱ्या अर्थाने उघडले ते २००३ मध्ये. कॅननने ईओएस ३००डी आणला, लेन्ससह हजार डॉलरच्या आत बसणारा पहिला डीएसएलआर. त्याचा सेन्सर फिल्मच्या चौकटीपेक्षा लहान होता, म्हणून जुन्या लेन्सा त्यावर आणखी अरुंद दिसू लागल्या. ५० ची ८० सारखी वागू लागली. ही अडचण सोडवायला कॅननने त्या लहान सेन्सरसाठी खास १८-५५ मिलिमीटरची लेन्स बनवली. प्लॅस्टिकची, हलकी, उघडण एफ/३.५ ते ५.६, म्हणजे अंधारात लंगडी. निकॉनने २००५ मध्ये आपली १८-५५ आणली. जाणकारांनी दोघींनाही नाके मुरडली. पण या लेन्सचे १८ चे टोक फिल्मच्या हिशेबात २७ ते २९ मिलिमीटर होते. तीन मीटरवरून जवळजवळ चार मीटर रुंदीचे दृश्य ती घेते. दहाजणांच्या कुटुंबासाठी आता चारच मीटर मागे जायचे. रिसालदार गल्लीतला वाडा ओट्यासकट, तुळईसकट, दारात उभ्या असलेल्या म्हातारीसकट एका चौकटीत आला, तोही चारचौघांना परवडेल अशा कॅमेऱ्यावर. फुकटात मिळाली म्हणून ज्या लेन्सची किंमत कुणी केली नाही, तिनेच गावाला गावासारखे दाखवले. माझ्या मते गेल्या पन्नास वर्षांत सामान्य माणसाच्या फोटोग्राफीत घडलेली ही सर्वांत मोठी गोष्ट आहे, मेगापिक्सेलच्या सगळ्या शर्यतीपेक्षा मोठी.

आता आजची खरेदी. छावणीच्या गावाला जुन्या मालाचे वावडे कधीच नव्हते. बदली झालेला किंवा मायदेशी निघालेला साहेब खुर्च्या, बंदुका, काचसामान लिलावात काढून जाई आणि ते सामान गावात वर्षानुवर्षे चाले. जुना डीएसएलआर त्याच वाटेने आपल्याकडे येतो, फरक इतकाच की या वेळी लेन्स वेगळी घेता येते. आणि इथेच बहुतेकजण पुन्हा लांबच्या टोकाला भुलतात.

निकॉनची १८-२०० व्हीआर २००५ मध्ये आली तेव्हा एकाच लेन्समध्ये सगळे, या कल्पनेने लोक वेडे झाले होते. आज ती जुन्या बाजारात स्वस्त मिळते. पण तिचे वजन ५६० ग्रॅम आहे आणि १८ ला घराच्या कडा कमानीसारख्या वाकतात. रोज गळ्यात अडकवून खडेबाजारातून हिंडायची ही लेन्स नव्हे. १८-१०५ किंवा कॅननची १८-१३५ तिच्याहून बऱ्या आहेत, शिवजयंतीच्या चित्ररथावरचा एखादा चेहरा गर्दीच्या मागून टिपायचा असेल तर उपयोगी आहेत. तरी चारशे-पावणेपाचशे ग्रॅमचा भार नेहमीचाच. भार तसाही उचलायचाच असेल तर निकॉनची १६-८५ किंवा कॅननची १५-८५ शोधावी. लांबची बाजू थोडी कमी, पण रुंद बाजू दोन-तीन मिलिमीटरने अधिक, आणि अरुंद वाटेत त्या दोन-तीन मिलिमीटरचे मोल ५५ च्या पुढच्या पन्नासाहून जास्त आहे. किंमत मात्र १८-५५ च्या कितीतरी पट पडते.

बहुतेकांना १८-५५ पुरते. २००७ नंतरच्या, हाताचे कंप सावरणाऱ्या आवृत्त्या घ्याव्यात, निकॉनवर व्हीआर आणि कॅननवर आयएस अशी अक्षरे लेन्सवर लिहिलेली असतात. त्याआधीच्या साध्या आवृत्त्या स्वस्त मिळाल्या तरी सोडून द्याव्यात.

आणि ५० एफ/१.८? प्रत्येक दुकानदार आणि प्रत्येक मित्र तीच घे म्हणतो. चेहऱ्यांसाठी ती सुंदरच आहे. पण लहान सेन्सरवर ती तीन मीटरवरून जेमतेम दीड मीटर रुंदी दाखवते, म्हणजे आजोबांच्या लायकापेक्षाही अरुंद. ज्या अडचणीतून आपण नुकतेच सुटलो त्यात पुन्हा शिरण्यासारखे हे आहे. उजळ लेन्सच हवी तर निकॉनवर २००९ ची ३५ एफ/१.८ डीएक्स घ्यावी. ती फिल्मच्या ५० सारखी दिसते आणि १८-५५ त्याच ठिकाणी जेवढा प्रकाश घेते त्याच्या सुमारे सहापट घेते. निपाणीच्या खोलीत विड्या वळणारे हात, मिरवणुकीतला दिव्यांचा उजेड, याला ती हवीच. कॅननवाल्याला २४ एफ/२.८ एसटीएम आहे, सव्वाशे ग्रॅमची, बिस्किटाएवढी जाड. तिची उघडण तेवढी मोठी नाही, पण कोन निकॉनच्या त्या ३५ पेक्षा मोकळा आहे.

जोडणीच्या काही खाचा मात्र नीट पाहाव्या लागतात. निकॉनच्या डी४०, डी३१००, डी५१०० अशा लहान बॉडींत फोकसची मोटर नसते, त्यामुळे ५० एफ/१.८डीसारखी जुनी लेन्स त्यांवर बसते पण फोकस हातानेच करावा लागतो. डी९० किंवा डी७००० मध्ये मोटर असते. उलट २०१६ नंतरच्या एएफ-पी जातीच्या १८-५५ लेन्सा या जुन्या डी९०, डी७००० वर फोकसच करत नाहीत, हातानेही नाही, कारण त्यांची फोकसची कडी विजेवर चालते. कॅननकडे १९८७ पासूनच्या ईएफ लेन्सा सर्व डीएसएलआरवर चालतात, पण ईएफ-एस लेन्सा फक्त लहान सेन्सरच्या बॉडीवर.

बेळगावचा पावसाळा लांबतो, आणि लेन्सचा खरा शत्रू इथे धूळ नसून बुरशी आहे. घेण्यापूर्वी लेन्स काढून, मागून मोबाइलची बॅटरी मारून आत पाहावे. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर किंमत कितीही उतरली तरी ती लेन्स घेऊ नये, साफ करून पुन्हा येणारी ती गोष्ट आहे. मग एक फोटो एफ/३.५ ला आणि एक एफ/१६ ला काढावा. जुन्या १८-५५ मध्ये आतली पातळ पट्टी तुटलेली असली तर उघड्या छिद्राला सगळे ठीक चालते आणि छिद्र बारीक करताच कॅमेरा चूक दाखवतो. झूमची कडी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवावी, अडखळली तर विचारावे. घरी आणल्यावर चामड्याच्या पिशवीत कोंडू नये. हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावी आणि उन्हे पडली की बाहेर काढून वापरावी. वापरातल्या लेन्सला बुरशी सहसा धरत नाही.

एवढे करून लेन्स हातात आली की पहिले काम वेळ न दवडता करावे. बेळगाव, निपाणी, संकेश्वर, चिकोडी, या सगळ्या गावांत जुने वाडे झपाट्याने पाडले जात आहेत आणि त्यांच्या जागी चार मजली इमारती उभ्या राहत आहेत. तंबाखूच्या वखारींची जागाही बदलते आहे. यांपैकी अनेक घरांचा समोरून काढलेला एकही पुरा फोटो अस्तित्वात नाही, कारण तो घ्यायला लागणारी रुंद लेन्स त्या घरात कधी आलीच नव्हती. आज ती जुन्या बाजारात काही हजारांत मिळते. ज्यांच्या गल्लीत असा वाडा अजून उभा आहे त्यांनी १८ चे टोक लावून, पाठ समोरच्या भिंतीला टेकवून तो फोटो काढावा, घरातल्या माणसांना दारात उभे करून काढावा, आणि मागच्या बाजूला गल्लीचे नाव, घराचे नाव आणि तारीख लिहून एक प्रत त्या घरात द्यावी.